फेझचे हौद

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, चामड्याच्या पिशव्या करणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर राबले, आणि तिथे त्यांच्या हातापेक्षा नाकाचा दबदबा मोठा होता. नवीन माल आला की कापणारे, शिवणारे, मुकादम, सगळे काम टाकून बाजूला उभे राहायचे. भाऊजी एकेक कातडं उलगडायचे, मधोमध दुमडायचे, घडीत नाक खुपसायचे आणि डोळे मिटायचे. मान हलली तर माल आत, नाहीतर आल्या गाडीने परत. आणि त्यांनी एकदा मान हलवली की त्या मालाबद्दल कुणी ब्रही काढायचा नाही, ही तिथली रीत. खुद्द मालक त्यांना मास्तर म्हणायचा.

घरी मात्र या नाकाला कुणी विचारत नव्हतं. ताईला चामड्याचा वास मुळीच खपत नाही. लग्न झाल्यापासून तिचा नियम होता की कामाचा शर्ट बाहेर गॅलरीत काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं. भाऊजी रोज कुरकुर करायचे आणि रोज शर्ट काढायचे.

कारखान्यात त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. उत्तर आफ्रिकेतलं फेझ शहर, आणि त्यात गच्चीवरून दिसणारे कातडी कमावायचे दगडी हौद. मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना चिकटलेले, कुठे पिवळा रंग, कुठे तांबडा, आणि मांडीभर पाण्यात उतरून कातडी तुडवणारी माणसं. शेकडो वर्षं त्याच जागी हेच काम चाललंय, हे भाऊजी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे. निवृत्त झालो की पहिलं तिथे जाणार, हे तर आम्हाला तोंडपाठ झालं होतं. ताईचा जीव मात्र त्याच देशातल्या माराकेशवर. तिथल्या बागा, लाल भिंती, संध्याकाळी माणसांनी फुलून जाणारा मोठा चौक. नाकाला रुमाल लावून फिरायला मी सातासमुद्रापलीकडे कशाला जाऊ, असं तिचं म्हणणं. भाऊजींच्या गुडघ्यांना दोन्ही शहरांची धावपळ झेपणार नव्हती. एकाच ठिकाणी जाऊन ठाण मांडायचं, एवढ्यावरच काय ते दोघांचं एकमत होतं.

मी ट्रॅव्हल कंपनीत बुकिंगच्या काउंटरवर बसते. त्यामुळे हे घोंगडं माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं.

निवृत्तीनंतर भाऊजी एकदा माझ्या ऑफिसात आले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. माहितीपत्रकाची सुरळी करायची, सोडायची, परत करायची, असं चाललं होतं. मग एकदम म्हणाले की माराकेशचं करून टाक. मी थक्क झाले. का, तर तिथे मोकळं आहे, चौक आहे, ताईची हौस आहे. एवढं बोलून ते निघूनही गेले, चहा मागवला होता तोसुद्धा न घेता.

मला वाटलं, ताई खूश होईल. तर तिला शंकाच आली. इतक्या वर्षांच्या संसारात साधा पडद्याचा रंगही या माणसाने भांडल्याशिवाय मान्य केला नव्हता. हे काहीतरी लपवतायत, तब्येतीचं असेल, असं तिने मनाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून फेझ करायला सांगितलं. मी केलं. भाऊजींना कळलं, ते आले, परत माराकेश. ताईचा फोन, परत फेझ. दोघं आधी स्वतःच्या शहरासाठी भांडत होती, आता एकमेकांच्या शहरासाठी भांडायला लागली. आमचा मॅनेजर माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागला. सख्खी बहीण नसती तर मी दोघांनाही दाराबाहेर काढलं असतं.

त्या दिवसांत त्यांच्या घरात बसवत नसे. भाऊजी या खोलीतून त्या खोलीत जायचे, खिडकी उघडायचे, लावायचे. संत्रं सोलायचे आणि न खाता नाकाशी धरून बसायचे. ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मी एकदा थट्टेत म्हणालेही, की भाऊजी, तो कारखान्याचा माल नाही, खायचा आहे. ते हसले नाहीत. ताई त्यांच्या मागे मागे, डॉक्टरकडे चला म्हणून. ते म्हणायचे, मला काय धाड भरलीये.

शेवटी विमान कंपनीला नावं कळवायची मुदत संपत आली, म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. आज सोक्षमोक्ष लावल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच. पाहते तर टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आणि भाऊजी त्या दिवसांत प्रथमच जरा खुलले होते. निवृत्तीआधी त्यांनी पास केलेल्या शेवटच्या मालातून एक तुकडा निवडून, स्वतःच्या हाताने कापून, शिवून, ताईसाठी त्यांनी प्रवासाची पिशवी केली होती.

ताईने कागद सोडला आणि भपकारा आला. ओल धरून आत बुरशी लागलेल्या चामड्याचा. बंद कोठीत कुजलेल्या पोत्यासारखा. मी खुर्चीसकट मागे सरकले. तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

"वास घेऊन बघ," भाऊजी म्हणाले. "एकदा तरी घे. अस्सल माल आहे."

ताईने पिशवी उचलली. जवळ नेली, तोंड आत घातलं आणि चांगला खोल श्वास घेतला. वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"छान आहे," ती म्हणाली. "खरंच छान आहे."

भाऊजींचा चेहरा उतरला. ते हळूच खाली बसले.

"इतक्या वर्षांत तू चामड्याला कधी छान म्हणाली नाहीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांग. कसला वास येतोय?"

मी खरं ते सांगितलं. बुरशीचा.

मग सगळं बाहेर आलं. हिवाळ्यात मोठा ताप आला होता, त्यातून उठले ते नाक गमावूनच. आज येईल, उद्या येईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. माल आला की सवयीने घडीत नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि बोटांना जे कळेल त्यावर मान हलवायचे. त्या शेवटच्या लॉटला आतून ओल लागली होती, ती बोटांना कळली नाही. त्याच लॉटच्या पिशव्या दुकानांत गेल्या आणि वास येतो म्हणून परत आल्या. मालक तेव्हापासून गोदामवाल्याशी भांडतोय, हे भाऊजींच्या कानावर आलं होतं. आपलाच माल असेल का, या विचाराने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण इतक्या लोकांनी कापला, शिवला, कुणी काही बोललं नाही, म्हणजे माल चांगलाच असणार, अशी ते मनाची समजूत घालत होते. मला खरंच संताप आला. अख्ख्या कारखान्याची नाकं शाबूत, आणि मास्तरांनी मान हलवली म्हणून एकानेही तोंड उघडू नये.

भाऊजींनी तिथल्या तिथे मालकाला फोन लावला. मालक ऐकेचना. मास्तर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, गोदामातच ओल आहे, असं म्हणत राहिला.

"गोदामाचा दोष नाही," भाऊजी म्हणाले. "माझं नाक गेलंय. मला कसलाच वास येत नाही."

फोन ठेवून ते मला म्हणाले की माराकेशच कर. फेझला जाऊन करणार काय? नुसते हौद बघायचे तर चित्र आहेच.

"फेझ कर," ताई म्हणाली. "वास मी घेईन."

"तुला नाही सहन होणार."

"नाही होणार. तरी घेईन, आणि तुम्हाला सांगेन."

मी फेझ केलं, आणि ते परत कुणी बदललं नाही.

हौदांवरच्या गच्चीतून ताईने मला फोन लावला. तिथे जिन्यातच पाहुण्यांच्या हातात नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. तिने आपली खिशात टाकली होती. मला हॅलो म्हणायचंही तिला भान नव्हतं. एकीकडे फोन, दुसरीकडे नवरा.

कबुतरांचं खुराडं कधी झाडलं नसेल तसा वास येतोय, ती सांगत होती. ती विष्ठाच, भाऊजी म्हणाले, त्याने कातडं मऊ पडतं. आता भिंतीला नवीन सफेदी केल्यासारखा. तो चुना. पुढे? पुढे मला मळमळतंय. त्यावर भाऊजी हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकत होते.

"आणि त्या टोकाला?" त्यांनी विचारलं. "तयार कातडी वाळत घातलीत तिकडून?"

ताईने श्वास ओढून घेतलेला मला फोनवर ऐकू आला. मग पुन्हा एकदा घेतला.

"तुमच्या शर्टाचा," ती म्हणाली.