टेलरबाई उठल्या त्याची गोष्ट

टेलरबाईंच्या तोंडात त्या वेळी सात टाचण्या होत्या, नाहीतर त्यांनी केव्हाच हाक मारली असती. समोर वकीलसाहेब नव्या पँटमध्ये ताठ उभे, नजर फोनमध्ये. बाई त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसलेल्या, पँटची खालची दुमड टाचून झालेली. आता फक्त उठायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. उजवा गुडघा हलायला तयार नाही, डावा त्याचं बघून अडून बसलेला. मग अब्रू राखायला बाईंनी एक युक्ती केली. काम अजून चालूच आहे असं दाखवत त्या टाचण्या लावत सुटल्या. तोंडातल्या संपल्या, तशा मनगटावरच्या गादीतल्या काढल्या. दोन्ही पायांना मिळून एकेचाळीस झाल्या तेव्हा वकीलसाहेबांनी खाली बघितलं.

“बाई, पँट शिवताय की कुंपण घालताय?”

बाईंनी शेजारच्या इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरला आणि जोर लावला. टेबल घडीचं होतं. ते घडी झालं. इस्त्री बाईंच्या कानाजवळून धाडकन फरशीवर पडली. आवाज ऐकून पडद्यामागून बाईंचे यजमान धावले. ते निवृत्त बसड्रायव्हर, आता दुकानात बटणं आणि इस्त्री बघायचे. एका काखेत त्यांनी हात घातला, दुसऱ्या काखेत वकीलसाहेबांनी. वाकताना वकीलसाहेबांना कुंपण टोचलं आणि तेही ओरडले. अशा रीतीने टेलरबाईंना उभं करण्यात आलं.

“दहाच मिनिटांपूर्वी मी इस्त्रीचं बटण बंद केलं होतं,” यजमान नंतर तीन वेळा म्हणाले, आणि तिन्ही वेळा त्यांचा आवाज बारीक झाला.

आता कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करायचं, वाकायचा त्रासच नको. हे बाईंना सांगून बघा! माणूस स्टुलावर चढला की अंग चोरतो, पाय जवळ घेतो, पडू की काय म्हणून गुडघे आखडतो. तेव्हा टाचलेली पँट रस्त्यावर वेगळीच पडते. माणूस जमिनीवर हवा, रोजचे बूट घातलेला हवा आणि टेलर त्याच्या पायाशी हवा, हा बाईंचा एकतीस वर्षांचा हट्ट. त्या हट्टापायीच शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक त्यांच्याकडे यायचे.

आणि एकतीस वर्षांत बाईंचं अंग सुटलं कसं, आणि त्यांना कळलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. आपले कपडे घट्ट झाले की आपल्याला कळतं. बाईंचे कपडे कधी घट्ट झालेच नाहीत. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात, आणि बाई स्वतःच्या कपड्यांत भरपूर माया ठेवायच्या. जरा काचलं की दुपारी गिऱ्हाईक नसताना शिवण उसवायची, अर्धा इंच सैल करायची, पुन्हा टीप मारायची. हात इतका सरावलेला की मनाला पत्ताच नाही. गावभरच्या पोटांची खबर ठेवणारी बाई स्वतःच्या पोटाबद्दल अशी अंधारात राहिली.

त्यांची मुलगी विमा कंपनीत अपघाताचे अर्ज तपासायची. त्यामुळे तिला जिथे तिथे माणसं पडताना दिसायची. वडिलांनी फोनवर सगळं सांगितलं तशी ती संध्याकाळीच आली, आणि आल्या आल्या रडली.

“इस्त्री गरम असती तर? आई, पुरे आता. दुकान भाड्याने दे आणि माझ्याकडे चला दोघं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण कधीचा विचारतोय.”

“माझ्या दुकानात कव्हरं?”

“तू धड उठू शकत नाहीस, आई.”

हे खरं होतं, म्हणूनच बाईंना फार लागलं. खरं सांगायचं तर त्या स्वतःही घाबरल्या होत्या. जमिनीवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं होतं की आता आपण उठणारच नाही. पण मुलीसमोर ते कोण कबूल करणार?

“तीन महिने दे मला,” त्या म्हणाल्या. “तीन महिन्यांनी अग्निशमन दलाच्या बँडचे गणवेश आहेत. अठ्ठावीस माणसं. सगळ्यांचं फिटिंग मी एकटी करणार, खाली बसून, एका दिवसात. तू समोर बस. एकदा जरी उठताना कुणाचा हात धरला, तर किल्ली तुझी. मी एक शब्द बोलणार नाही.”

“तू आणि बोलणार नाहीस,” यजमान पुटपुटले. पण पैज ठरली.

बाईंनी गाठलेली जिम टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. पोचेपर्यंत बाईंना धाप लागली आणि त्यांना वाटलं, आजचा व्यायाम झाला. आत लोखंडाचा आणि घामाचा वास, भिंतभर आरसे, आणि एक दाढीवाला माणूस दोन्ही हातांत वजनं घेऊन आरशातल्या स्वतःकडे रागाने बघत होता. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता. बाईंना हे पहिल्या नजरेत दिसलं आणि सांगण्यासाठी जीभ शिवशिवायला लागली. सवयीने गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. ती त्यांनी घाईघाईने खिशात कोंबली.

कोच पन्नाशीच्या आसपासच्या बाई होत्या. करडे, आखूड केस, मान आणि खांदे एकाच कापडातून बेतल्यासारखे. पूर्वी त्या वजन उचलण्याच्या स्पर्धांमध्ये उतरायच्या.

“काय हवंय, ताई?” त्यांनी विचारलं. “वजन कमी? कंबर?”

“मला जमिनीवरून उठायचंय,” टेलरबाई म्हणाल्या.

 कोचनी एक लाकडी खोकं ओढून आणलं. “यावर बसा. आता उठा. हात लावायचा नाही. असं दहा वेळा.”

“खोक्यावर बसायला मी दोन जिने चढून आले?”

“हो. आणि परवा परत याल.”

सहाव्या वेळेला बाईंच्या मांड्या थरथरल्या. आठव्यानंतर त्या खोक्यावर बसल्या त्या बसल्याच. दाढीवाल्याने हातातली वजनं खाली ठेवली आणि म्हणाला, “मावशी, दोनच राहिले.” त्यांना इतका राग आला की त्या रागातच दोन निघाले.

दुसऱ्या दिवशी अंग असं धरलं की शिंक आली तरी पाय दुखायचे. शिलाई मशीनचं पायडल दाबताना बाई “आई गं” म्हणायच्या आणि पडद्यामागून यजमान विचारायचे, “स्टॉप आला का?” तरी तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दुकान उघडण्याआधी.

खोक्याची उंची बाईंनी पहिल्याच दिवशी मोजली होती. अठरा इंच. दोन आठवड्यांनी सोळाचं आलं, मग चौदाचं. दर वेळी वाटायचं की मागचंच किती छान होतं! चौदाचं खोकं तर त्यांच्या जन्माचा वैरी. त्यावरून उठताना त्या ज्या शिव्या द्यायच्या त्या ऐकायला म्हणे लोक आपला व्यायाम थांबवायचे. मधल्या वेळात त्यांनी दाढीवाल्याला खांद्याचं सांगून टाकलं, कोचच्या ट्रॅक पँटची वाकडी गेलेली टीप उसवून नीट मारून दिली, आणि त्या खोलीत बाईंचा दरारा बसला.

आणि मग सहाव्या आठवड्यात घोटाळा झाला.

बाईंनी ठरवलं, माप घ्यायचं आणि जिमच्या पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. टेलरला स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, हात हलला की आकडा हलतो. म्हणून टेप यजमानांच्या हातात दिली. त्यांनी कंबर मोजली. अर्धा इंच कमी, आणि तो अर्धा इंचही बाईंनी श्वास आत ओढला होता म्हणून. मग मांडी मोजली.

“सव्वा इंच,” यजमान म्हणाले.

“कमी?”

यजमानांनी चष्मा वर केला, खाली केला. “जास्त.”

बाई मटकन खुर्चीत बसल्या. सहा आठवडे जिने चढले, घाम गाळला, परक्या माणसांसमोर कण्हत कण्हत उठाबशा काढल्या, आणि वाढलंच! एकतीस वर्षं त्या मापं घेत होत्या, टेप खोटं बोलत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या जिमला गेल्या नाहीत. पुढच्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी मुलीला फोन करायला नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. त्या दुपारी पडद्याआड त्या रडल्या, अगदी हुंदके देऊन, आणि यजमानांनी ऐकू येत नसल्याचं सोंग घेऊन सोळा बटणं लावली.

चौथ्या वेळी बाई आल्या नाहीत तशी कोचच दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“मांडी वाढली.” बाईंनी मशीनवरून मान वर केली नाही.

“किती?”

“सव्वा इंच.”

“सव्वा?” कोच जवळजवळ ओरडल्या. “सहा आठवड्यांत? अहो ताई, मग मशीनमागे तोंड लपवून काय बसलाय! तुम्हाला काय वाटलं, तुम्ही उठणार ते कशाच्या जोरावर? कंबरेच्या? ते मांस आहे, कमावलेलं. द्या बघू तो पाय इकडे.” आणि त्यांनी भर दुकानात बाईंची मांडी चाचपून बघितली. स्कर्ट शिवायला टाकायला आलेली एक शिक्षिका दारातूनच मागे फिरली.

“हे बघा, इथे. दगड आहे दगड!”

बाईंनी स्वतः हात लावून बघितला. होता खरा. कापडाची जात हाताने ओळखणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं याची त्यांना लाज वाटली, आणि मग त्यांना हसू आलं ते थांबेना. दुसऱ्या सकाळी जिना चढताना त्या मध्ये कुठे थांबल्या नाहीत.

पुढे खोकं गेलंच. एक गुडघा जमिनीला, दुसरा पाय पुढे, टाच रोवायची, छाती वर आणि उठायचं. आधी आरशासमोरचा दांडा धरून, मग दांड्याला एकच बोट लावून. बोट सुटता सुटेना. कोच म्हणायच्या, “बोट तुम्हाला उचलत नाहीये, ताई. तुम्हीच बोटाला उचलताय.” पण मन ऐकायचं नाही.

अकराव्या आठवड्यात एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाईंच्या हातून खडू पडला आणि टेबलाखाली गेला. त्या गुडघ्यावर बसल्या, खडू काढला, उठल्या, टेबलाशी गेल्या, कापडावर रेघ ओढली. रेघ अर्धी झाली आणि हात थांबला. आपण आत्ता काय केलं? कशाला धरलं होतं? एका हातात खडू होता, दुसरा हात मोकळा होता. त्या पुन्हा खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या. मग आणखी चार वेळा. रस्त्याने जाणारी दोन माणसं काचेशी थबकून बघत होती. बाईंनी त्यांनाही हात हलवला. इतका आनंद त्यांना पहिली मशीन घेतली तेव्हाही झाला नव्हता.

फिटिंगच्या दिवशी अग्निशमन दलाचा बँड दारापासून फूटपाथपर्यंत रांग लावून उभा होता. मुलगी सुट्टी काढून आली होती आणि भिंतीशी स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती. चेहरा अर्ज तपासतानाचा.

पहिला सनईवाला. बाई खाली गेल्या, दोन्ही पाय टाचले, वर आल्या. दुसरा, तिसरा, चौथा. ढोलवाल्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड निघाला, ते त्यालाच माहीत नव्हतं. दहावा झाला तशी मुलगी उठून म्हणाली, “आई, बास. मानलं मी. पैज जिंकलीस.”

“अठ्ठावीस म्हणाले होते मी,” बाई म्हणाल्या. “पुढचे कोण? या.”

तेविसावा ताडमाड उंच ट्रॉम्बोनवाला होता. त्याच्या पायाशी बाई बसल्या, दुमड टाचली, टाच रोवली, आणि पाय लटपटला. त्या अर्ध्यावरून परत खाली आल्या.  ट्रॉम्बोनवाल्याने नकळत हात पुढे केला. यजमान पडद्यातून बाहेर आले. मुलगी स्टुलावरून उठली, आणि तिचाही हात पुढे आला. तीन हात बाईंच्या डोळ्यांसमोर होते.

बाईंनी तिन्ही हातांकडे बघून मान हलवली. त्यांनी पाय बदलला, डावा पुढे घेतला. एक श्वास घेतला, तो सोडला, दुसरा घेतला. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीशी आला तरी पुसला नाही. मग त्या उठल्या. हळू, अगदी हळू, कापत, दात आवळून, पण सरळ वर. ट्रॉम्बोनवाला अजून हात पुढे करूनच उभा होता. बाईंनी त्यावर टेपची चापट मारली.

“बाही राहिलीय तुमची. हात खाली करा.”

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. बँडवालेच ते, टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवत होते. उरलेले पाचजण कधी झाले ते बाईंना कळलं नाही.

अठ्ठाविसावा गेला तेव्हा दुकानात तिघंच उरली. मुलीचे डोळे भरले होते. ती आईजवळ आली, काही बोलायला गेली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, नाक पुसलं आणि फोन कानाला लावला.

“हां, बोला. नाही हो, कव्हरांचं दुकान दुसरीकडे बघा तुम्ही.” पलीकडचा काहीतरी विचारत होता. मुलीने आईकडे बघितलं. आई दोन्ही पायांवर नीट उभी राहून टाचण्या गादीत खोचत होती.

“नाही मिळायचं म्हणजे नाही,” मुलगी म्हणाली. “इथे टेलर आहे. माझी आई.”