साहेब, बारा बोर आणि चार बोटं

किस्से जमवायला फारसं काही लागत नाही. एक बाकडं लागतं, चहा लागतो आणि घरी ज्यांना कोणी बोलू देत नाही अशी दोन-तीन माणसं लागतात! आर्वीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीचे पंप, तारेचं कुंपण. दुकानापुढच्या बाकड्यावर बसून आमच्या मंडळींनी आजवर इतकी रानडुकरं पाडली आहेत, की ती खरोखर पडली असती तर माझ्या कुंपणाच्या तारेला गिऱ्हाईकच उरलं नसतं.

मंडळी तीनच. शामभाऊचं तळेगावच्या रस्त्याला ओलिताचं शेत आहे, त्यात उन्हाळी भुईमूग आहे, आणि घरात वडिलांची दोन नळ्यांची बारा बोर बंदूक आहे. गोविंदसेठ सरकी-ढेपेचे व्यापारी. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली तीनशेपंधरा रायफल आहे आणि कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य आहे. तिसरे नाना, पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे बंदूक नाही, पण काडतूस म्हटलं की शेवटचा शब्द नानांचा. माझ्याकडे बंदूकही नाही आणि शेवटचा शब्दही नाही. चहा माझा असतो.

यंदा मात्र प्रकरण गंभीर होतं. ओळीने दोन हंगाम डुकराने शामभाऊचा भुईमूग उकरला होता. शेंगा भरल्या की एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं! तेव्हा कुसुमवहिनी, म्हणजे शामभाऊची बायको, स्वतः दुकानावर आल्या आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंदा डुक्कर हटलं नाई, त बंदूक ठाण्यात जमा. अन् पुन्हा घरात आणाची नाई!"

शामभाऊ हसला. वहिनी हसल्या नाहीत. ती बंदूक म्हणजे त्याचा बापच. दर रविवारी तो तिला तेल लावतो, आणि वडील बसायचे त्याच खुर्चीवर बसून लावतो. वहिनी गेल्यावर बराच वेळ त्याने चहाला हात लावला नाही.

* * *

डुकराचं नाव साहेब.

हे नाव नानांनी ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कवा येईन सांगता येत नाई, आला का सगळ्या वावरात फिरते, अन् गेल्यावर नुसकान दिसते!"

तेव्हापासून शामभाऊचा फोन आला की मी एवढंच विचारतो, "साहेब येऊन गेले काय?" एकदा दुकानात खरोखरच कृषी खात्याचे एक साहेब बियाण्याची तपासणी करत होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून शामभाऊ ओरडला, "आलता ना! खाऊन-पिऊन, लोळून गेला!"

त्या साहेबांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

* * *

काडतुसाचा पहिला धडा आम्हाला मागच्या वर्षी मिळाला. रानडुकरासाठी वनखात्याची रीतसर परवानगी आली आणि शामभाऊ नागपूरला काडतुसं आणायला गेला. दुकानात एलजी नव्हतं. एलजी म्हणजे काडतुसात मोजके पण जाड दाणे. बॉल, म्हणजे सरळ एकच गोळी, तीही नव्हती. होता तो आठ नंबर. मोहरीएवढे छर्रे, पाखरांसाठीचे.

रिकाम्या हाताने परत कसं यायचं, म्हणून शामभाऊने तेच आणले!

तिसऱ्या दिवशी साहेब वावरात. शामभाऊने लांबूनच बार काढला. धूर विरल्यावर पाहतो तर साहेब जागच्या जागी. त्याने अंग झटकलं, शांतपणे बाभळीपाशी गेला आणि पाठ घासत उभा राहिला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? एक बाजू खाजवून झाली, त दुसरी बाजू माह्याकडे केली!"

आम्ही पोट धरून हसलो. शामभाऊ हसला नाही. त्याच्या वडिलांचा नियम होता, जनावर डोळ्यासमोर पडणार नसेल तर घोडा ओढायचा नाही. जखमी करून सोडणं म्हणजे पाप. त्या दिवशी त्याने उरलेले आठ नंबर कागदात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले. वडिलांच्या फोटोकडे न बघता टाकले, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

* * *

म्हणून यंदा योग्य काडतूस निवडायचं ठरलं, आणि बाकड्यावर संसदच भरली. शामभाऊचं मत एलजी. अंधुक उजेडात एक चुकला तर दुसरा दाणा लागतो. नाना म्हणाले, "दाणे फाकते बाप्पा! तीस पावलांच्या पुढं एलजी म्हणजे आशीर्वाद. कोनाले लागन सांगता येत नाई. बॉल घे."

"बॉलनं नेम चुकला त?"

"मंग चुकूच नोको ना!"

गोविंदसेठ म्हणाले, "इतकी चर्चा काऊन? माही रायफल हाय ना! तीनशेपंधराची एक गोळी, काम खतम." सेठच्या घरातून हा शब्द निघाला याचंच आम्हाला अप्रूप. सेठला परवानगीत सामील करून घेतलं. मी हळूच विचारलं, "सेठ, पण गोळी कुठं मारणार?"

सेठने इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू? त्याले लागणार नाई अशा ठिकाणी!"

* * *

तरी सेठ आले. शब्दाचे पक्के. संध्याकाळी मचाणावर शामभाऊ, सेठ, नाना आणि मी. मचाण म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेली जुनी खाट. दिवस मावळता मावळता साहेब नाल्यातून वर आला आणि अगदी आडवा उभा राहिला. याहून चांगली संधी सरकारही देत नाही.

"सेठ, मारा," नाना कुजबुजले.

सेठने काडतूस रायफलीत घालायला घेतलं. ते आत जाईना. पुन्हा ढकललं. जाईना. नानांनी ते हातात घेऊन टॉर्च लावला, तर काडतुसाला हळद, कुंकू आणि वर चांगला तीन पदरी लाल नाडा बांधलेला!

दर दसऱ्याला सेठच्या घरी रायफलीची पूजा होते. काडतुसांचीही होते. दरवर्षी नवा नाडा चढतो आणि जुना कोणी काढत नाही.

"तोडा ना नाडा!" शामभाऊ रडकुंडीला आला होता.

"पूजेचा हाय शामभाऊ. असा कसा तोडू? आई जिवंत हाय माही!"

एवढं सगळं बोलणं साहेबाने उभं राहून ऐकलं. मग तो कोवळ्या शेंगा उकरून खायला लागला. शामभाऊची बारा बोर आणि साहेब यांच्या मधोमध सेठचं डोकं होतं, त्यामुळे तिथूनही काही करता आलं नाही.

* * *

आता नेमाचा धडा. नानांनी दुकानातल्या पोत्यावर खडूने डुक्कर काढलं आणि म्हणाले, "डोक्यात मारू नोका, हाड जाड राह्यते. पोटात मारला त पळून जाऊन हालहाल होते. पुढच्या पायाच्या मागं चार बोटं, अन् खालून तिसरा हिस्सा. तिथं काळीज हाय. बस!"

शामभाऊ नीट ऐकत होता. "नाना, चार बोटं कोनाचे? माहे का तुमचे?"

प्रश्न रास्त होता. शामभाऊचा पंजा फावड्याएवढा, आणि नाना वाळक्या काडीसारखे. दोघांनी आपापली चार बोटं पोत्यावर ठेवून पाहिली. नानांच्या हिशेबाने काळीज लागत होतं, शामभाऊच्या हिशेबाने जेवण!

वाद वाढला. शेवटी शामभाऊ वैतागून म्हणाला, "नाना, तुम्ही डेपोत असतानी किती बार काढले?"

"एकबी नाई."

शामभाऊने पोत्यावरची बोटं काढून घेतली.

"मी बगिच्यात होतो ना," नाना म्हणाले. "झाडाले पानी देत होतो. जिंदगीभर दारूगोळ्याच्या शेजारी राह्यलो, काडी ओढाचीबी बंदी. त्याच्यानं बिडी सुटली. हा एवढा अनुभव हाय माहा!"

"मंग हे चार बोटं कुठून आणले?"

"लोकं बोलत जात ना. मी कान देऊन ऐकत जाओ."

गंमत म्हणजे नाना सांगत होते ते बरोबरच होतं. आम्ही फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांना साखर कमी घातली.

* * *

बोटांचा वाद मिटावा म्हणून मी एक सुचवलं. सेठच्या गोदामातले तेलाचे रिकामे पिपे फोडून, ठोकून, पत्रा सपाट करायचा आणि खऱ्या मापाचं डुक्कर कापायचं. गोळी चालवायची नाही. नुसता रिकाम्या बंदुकीने नेम धरायचा, म्हणजे डोळा बसेल.

रंगवायचं काम आमच्या चौकातल्या पेंटरला दिलं. हा माणूस ट्रकच्या मागे मोर काढतो. त्याला सांगितलं, काळं डुक्कर काढ आणि काळीज असतं तिथं खूण कर. त्याने काळं डुक्कर काढलं. डोळ्यांना पापण्या काढल्या. सुळे पांढरेशुभ्र काढले. आणि नानांनी दाखवलेल्या जागी लालभडक बदाम काढून त्यातून आरपार बाण घातला!

"हे काय बे?" शामभाऊ ओरडला.

"दिल," पेंटर म्हणाला. "तुम्हीच म्हटलं ना, दिलात मारायचं हाय!"

पत्रा वावरात खुंटाला बांधून उभा केला. शामभाऊ रोज सकाळी नेम धरू लागला. वहिनी रोज सकाळी ते बघू लागल्या. एक दिवस तर त्यांनी पत्रा काढून दोन दगडांवर आडवा टाकला आणि त्यावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या. शामभाऊ बंदूक घेऊन आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबा. दिलावरच्या वड्या ओल्या हायेत अजून."

* * *

शेंगा भरत आल्या. बॉल मिळाले, एलजी मिळाले, परवानगी नवी झाली. आणि आचारसंहिता लागली!

निवडणूक आली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आपल्याकडे कोणती ना कोणती निवडणूक चालूच असते. शामभाऊच्या इतक्या चकरा झाल्या आहेत, की तो बंदूक घेऊन गेटात दिसला की ठाण्यातले हवालदार लांबूनच विचारतात, "कोणतं इलेक्शन लागलं, शामभाऊ?"

बंदूक सकाळी जमा झाली. साहेब संध्याकाळी वावरात हजर. शामभाऊने डबे वाजवले, आरडाओरड केली, फटाके फोडले. साहेबाने कडेच्या दोन ओळी सावकाश संपवल्या आणि मग गेला.

वहिनी म्हणाल्या, "बंदूक सकाळी गेली, अन् हा संध्याकाळी आला. या डुकराले आचारसंहिता पाठ हाय. तुमच्यापेक्षा त्यालेच जास्त समजते."

त्या दिवशी शामभाऊ दुकानावर येऊन बाकड्याच्या कडेला बसला. मग हळूच म्हणाला, "बंदूक गेली त बाबाची खुर्चीबी काढा लागन. रिकामी पाहवणार नाई." आम्ही कोणी हसलो नाही. सेठने त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

* * *

निकाल लागला, बंदूक परत आली, आणि काढणीला थोडेच दिवस उरले. आम्ही सगळे पहाटे मचाणावर. उजव्या नळीत बॉल, डाव्या नळीत एलजी. सेठ या वेळी रायफल घरी ठेवून नुसते धीर द्यायला आले होते.

तांबडं फुटायच्या आधी, धुरकट उजेडात, वावरात डुक्कर उभं दिसलं. आडवं. स्थिर. शामभाऊने बंदूक खांद्याला लावली.

"पुढच्या पायाच्या मागं चार बोटं," नाना कुजबुजले.

"नाना," शामभाऊ म्हणाला, "दोन हायेत."

खरंच दोन होती. तितकीच काळी, तितकीच आडवी, समोरासमोर. कालच वड्या काढून वहिनींनी पत्रा पुन्हा खुंटाला बांधला होता, हे त्या क्षणी आम्हा चौघांच्याही लक्षात आलं. पण साहेब कोणता आणि पत्रा कोणता? उजेड एवढासा. पापण्या काही दिसत नव्हत्या!

"डावा मारा," सेठ म्हणाले.

"डावा पत्रा हाय!" नाना म्हणाले.

"मंग उजवा मारा!"

"अन् उजवा पत्रा निघाला त? बाराचा आवाज झाला का खरा जाईन पळून!"

शामभाऊने घोडा ओढला नाही. वडिलांचा नियम. आम्ही चौघं बघत राहिलो, आणि दोघांपैकी एकाने हुंकार दिला. मग मान खाली घातली आणि समोरच्यावर धावून गेला. धडाम्! सगळ्या शिवारात पत्रा वाजला. साहेब त्यात अडकला, हिसडे देऊन सुटला, आणि असा किंचाळत पळाला की नाल्यापलीकडची कुत्रीसुद्धा गप्प झाली.

आम्ही उतरून गेलो. पत्रा आडवा पडला होता. बदामाच्या मधोमध एक भोक होतं आणि त्यात साहेबाच्या सुळ्याचा तुकडा रुतलेला होता. नानांनी आपली चार बोटं पायाच्या मागे ठेवली. बरोबर बसली.

आवाजाने वहिनी वावरातल्या खोपटातून धावत आल्या. त्यांनी सुळा पाहिला, बदाम पाहिला, शामभाऊच्या हातातली भरलेली बंदूक पाहिली. शेजारी उरलेला भुईमूग जसाच्या तसा उभा होता.

"आता हा येत नाई पुन्हा," वहिनी म्हणाल्या. पत्रा उचलून पदराने पुसला आणि खुंटाला परत बांधला. "याले इथंच राहू द्या. बंदूक तेवढी न्या ठाण्यात."

शामभाऊ घरी गेला, खुर्चीवर बसून त्याने बंदुकीला तेल लावलं, सगळ्यात जास्त वेळ लावलं. मग ठाण्यात निघाला, मीही सोबत गेलो. ठाण्याच्या गेटात हवालदारांनी लांबूनच हाक मारली.

"कोणतं इलेक्शन लागलं आता, शामभाऊ?"

"घरचं. निकालबी लागला."

"कोण आलं निवडून?"

"पत्रा," शामभाऊ म्हणाला आणि त्याने बंदूक टेबलावर ठेवली.