रुकय्याआपाचा नकार

माझी मामेबहीण रुकय्याआपा गेली, त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचे तर आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी मी माझ्या घरातही कधी उच्चारली नव्हती. तिच्या निकाहाचा मी साक्षीदार होतो, आणि माझी साक्ष खोटी होती.

सोनाळ्याला मामांच्या अंगणात मांडव पडला होता. आमच्यात रीत अशी, की वधूच्या वतीने नेमलेला वकील दोन साक्षीदारांना घेऊन आत जातो, तिची संमती तिच्याच तोंडून ऐकतो आणि मग तिघे बाहेर येऊन काझींना सांगतात. शिकलेला म्हणून मामांनी मला साक्षीदार केले. आत बायकांची दाटी होती. वकिलांनी विचारले, तेव्हा ओढणीखालून आपा हळू, पण स्पष्ट म्हणाली, "नाही." मामींनी तिची मान खाली दाबली, "हो म्हणाली, हो म्हणाली" असा गलका झाला आणि वकील वळले. दुसरे साक्षीदार दारातच होते. त्यांच्यापर्यंत गलकाच पोहोचला. तिच्या सर्वांत जवळ मी होतो. बाहेर काझींनी माझ्याकडे पाहिले... मेहकरहून आलेले पाहुणे, मामांचा घामेजलेला चेहरा... मी म्हणालो, "हो, राजी आहे."

मेहकरचा तो संसार फार टिकला नाही. पत्नीला विवाहातून मोकळे होता येते ती वाट, खुला, तिने स्वतः मागून घेतली आणि जळगाव जामोदला एका खोलीत शिवणकाम करत ती राहू लागली. माहेरचे दार तिला फारसे उघडले नाही. ईदला मी जाई, शीरखुर्मा खाई आणि त्या दिवसाचा विषय टाळून परते. तीही तो काढत नसे. मात्र आसपासच्या निकाहांत ती न बोलावता जाऊ लागली. नवरीपाशी बसे, बायकांना बाहेर घालवी. घाईला आलेल्या एका वकिलांना ती म्हणाली होती, "बिर्याणी काय पळून जाऊन राह्यली? बसा. पोरीले बोलू द्या." लोक हसले, पुढे पुढे लग्नाची तारीखही तिच्यापासून लपवू लागले.

मी राज्यशास्त्र शिकवतो. एकदा जळगाव जामोदच्या महाविद्यालयात 'इस्लाम आणि मानवी हक्क' या विषयावर माझे व्याख्यान झाले. निकाह हा करार आहे, स्त्रीच्या होकारावाचून तो उभा राहत नाही, असे मी मोठ्या विश्वासाने मांडले. आपा शेवटच्या रांगेत होती. बसस्टँडपर्यंत सोडायला आली, तेव्हा म्हणाली, "चांगलं बोलला रे रशीद. फक्त साक्षीदाराचं राह्यलं." मी एसटीत चढलो. हक्क ग्रंथात लिहिलेला होता. तो त्या खोलीतून अंगणापर्यंत नेण्याचे काम माझ्याकडे होते.

शेवटच्या भेटीत ती अंथरुणाला खिळली होती. शेजारीण डबा ठेवून गेली होती, तो तसाच होता. मी तिचा हात धरला आणि माफी मागू लागलो. तिने मला पुरते बोलू दिले नाही. "मले काऊन सांगतो? मले तं मालूमच हाय. ज्याइले खोटं सांगितलं, त्याइले सांग." मग पाणी मागितले.

मय्यत सोनाळ्याला आणली. जनाज्याच्या नमाजापूर्वी जवळच्या नातलगाने उभे राहून म्हणायचे असते, की जाणाऱ्याकडून कुणी दुखावले असेल तर माफ करावे. तिला भाऊ नव्हता, म्हणून ते माझ्याकडे आले. रांगा लागल्या होत्या. मामा, काझी, वकील केव्हाच वारले होते. दुसरे साक्षीदार तेवढे खुर्चीवर बसून होते. गावातल्या माणसांत इतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

"रुकय्यानं तुमचं कुणाचं काही बिघडवलं नाही. याच गावात, तिच्या निकाहात, ती 'नाही' म्हणाली होती. मी ऐकलं होतं. तुम्हाला मात्र 'राजी आहे' असं सांगितलं. मी खोटं बोललो. तुम्ही मला माफ करा... आपा, तू मला माफ कर."