अक्का, माणूस बघ ना

मालती गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. तिची मुलगी रेखा बोलत होती. "काकू, आई गेली... जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही." मी हातातली कुरडई तशीच धरून जिन्याच्या सावलीत बसले. आता खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की घ्या, इथेही ही माझ्या आधी पोचली! वयाने मी मोठी, नात्याने मी मोठी, रांगेत पुढे मी उभी, आणि ही बाई बाजूने वाट काढून निघूनसुद्धा गेली. उभा जन्म तिने माझ्याशी हेच केलं. महिना उलटून गेला, दिवसकार्य झालं, लोक आपापल्या कामाला लागले. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

मालती माझी धाकटी जाऊ. आमचं सासर रावेर तालुक्यातलं, केळीच्या बागांचं. यजमानांच्या नोकरीपायी आम्ही पुढे धुळ्याला आलो, देवपुरात घर बांधलं. दीर आणि मालती मळ्यातच राहिले. ती लग्न होऊन आली तेव्हा मी त्या घरातली जुनी सून होते. म्हणजे अशी किती जुनी, तर माझ्या लग्नातल्या पातळांच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. पण तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. घराच्या किल्ल्या मिळाल्या नव्हत्या तरी कमरेला जुन्या, निकामी चाव्यांचा जुडगा लावून हिंडायची, छुमछुम वाजला पाहिजे म्हणून. मालती आली आणि तिने त्या जुडग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ खळ्यात गेली आणि दिरांना म्हणाली, "हे ट्रॅक्टर मले शिकवा." सासूबाई ओरडतील म्हणून मी कान टवकारून बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "शिकू दे, केळी भरायच्या वेळी कामाले येईन." झालं! चार दिवसांनी मी पण जाहीर केलं, मलाही शिकायचंय. मला बसवलं. मी ऐटीत पदर खोचला, मागेपुढे बघितलं, आणि गिअर असा काही टाकला की ट्रॅक्टर पुढे जायच्या ऐवजी मागे निघाला आणि उकिरड्यात रुतून बसला. त्या ढिगावर, स्टिअरिंगला घट्ट धरून, डोळे मिटून बसलेली ती शहाणी बाई आज आठवली की मला माझंच हसू येतं. तेव्हा मात्र मी मालतीशी आठवडाभर अबोला धरला होता. उकिरड्यात मी गेले, अबोला तिच्याशी!

अशी आमची सुरुवात. पुढे तिचं भरीत माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं, तिच्या हातच्या रोपाला आधी घड लागायचा, आणि माझा स्वतःचा नवरा गावी गेला की, "मालती, तुझ्या हातचा चहा दे बरं," म्हणायचा. मी सगळं मनात जमा करत गेले.

दीर गेले. रेखा सासरी नांदत होती, मळा वाट्याने दिला होता. मालती एकटी पडली म्हणून आम्ही हळहळत होतो, आणि एका दुपारी ही स्वतः जीप हाकत धुळ्याला माझ्या दारात हजर. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "अक्का, मले चाकावरचं घर पाहिजे." झालं होतं असं, की सोनगीरपाशी महामार्गावर एका धाब्यावर तिने जीपमागे जोडलेली एक घरगाडी उभी पाहिली. त्यातल्या परक्या मुलखातल्या बाईने तिला आत बोलावलं, ओटा दाखवला, पलंग दाखवला, चहा पाजला. एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण मालतीला सगळं कळलं. "मी माहेर आन् सासर, या दोनच घरात निजली वं आतापर्यंत. तिसरं घर मी माझं बांधीन, आन् ते हालतं राहीन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या वडलांचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं दुकान होतं. तुले बठ्ठे कारागीर माहीत. माणूस बघ ना अक्का."

आमच्याकडे माणूस बघ म्हणजे कारागीर बघ. गळतं छप्पर असो, बंद पडलेला पंप असो, 'माणूस बघा' म्हटलं की झालं. आणि या एका बाबतीत मालतीला माझी गरज होती! मी जी फुगले... पदर खोचून कामाला लागले. मनात ठरवून टाकलं होतं, की कारागीर मी शोधायचे, उभं राहून काम मी करून घ्यायचं, म्हणजे त्या घरात एक जागा माझी. हे मी तिला बोलले नाही. बोलायचं कशाला? एवढंही कळू नये का माणसाला?

आधी धुळ्यातच वडलांच्या ओळखीच्या बॉडीवाल्यांकडे गेलो. तिथले आबा वडलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "अक्का, आम्ही मालन्या गाड्या बांधतस. माणूस काय माल शे का?" दुसरा म्हणाला रुग्णवाहिका बांधून देतो, आत स्ट्रेचरची सोय आहेच. मालती म्हणाली, "ते अक्कासाठी राहू द्या." असं दुकानं पालथी घालत शेवटी माणूस सापडला तो तिच्याच अंगणात, रावेरला. केळीच्या ट्रॉल्या बांधणारे दगडूभाऊ. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "केळी भरायच्या का माणसं?" "माणसं," मी म्हटलं. "हां," म्हणाले आणि कामाला लागले.

आतली पाण्याची टाकी, नळ, कप्पे बघायला वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर मिळवले, त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचा हात असा की वस्तू हलता कामा नये. त्यांनी मिठामिरचीच्या डब्यांना अशा खिट्ट्या बसवल्या की झाकण उघडायला बुक्की मारावी लागे. भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यालाही चार बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. मालती म्हणाली, "नाना, भरीत आहे हो, बाँब नाही." गाद्या जळगावच्या सीटकव्हरवाल्याकडून करून घेतल्या. तो रिक्षांची कामं करणारा, त्यामुळे लाल रेक्झिनला सोनेरी गोंडे आपोआप आले. या प्रत्येक कामाला मी हजर. धुळ्याहून पहाटेच्या एसटीने जायची, डबा घेऊन जायची, कारागिरांवर डाफरायची आणि रात्री परत. घरचे म्हणायचे, गाडी मालतीची आणि धावपळ हिची. मी म्हणायची, "तिला काय कळतंय!"

आणि मग ती गंमत झाली. दगडूभाऊंनी सांगाडा उभा केला, पत्रे ठोकले, खिडक्या काढल्या. मी बघायला गेले तर घराला दारच नाही. मागची सगळी भिंत बिजागऱ्यांवर, दोन बाजूंना साखळ्या. म्हणजे सरळसरळ ट्रॉलीचा फाळका! जन्मभर ज्यांनी फाळके पाडून केळी उतरवली, त्यांच्या हाताने सवयीने तेच केलं होतं. "दगडूभाऊ, दार कुठाय?" "हे काय, फाळका हाये ना." "अहो, माणसं राहणार आत!" "मंग? उतरतीन आरामात." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मालतीच्या घरात खोट निघाली होती आणि ती मी काढली होती! ती येईपर्यंत मी दम धरू शकले नाही, फोनवरच सांगून टाकलं. ती आली, फाळका पाडला, साखळ्यांवर तो आडवा ताठ राहिला, आणि ही बया त्यावर चढून पाय हलवत बसली. समोर केळीचा मळा. "अक्का," म्हणाली, "हा तर ओटा झाला. घराले ओटा नव्हताच की आपण सांगितला... दगडूभाऊ, याले हात लावू नका. बाजूनं एक लहान दार काढा फक्त." दगडूभाऊ माझ्याकडे बघून हसले. मी तिथे उभी राहून पुन्हा एकदा उकिरड्यात गेले.

पण खरा घाव पुढेच होता. सुताराने पलंगाची मापं घ्यायला टेप काढला आणि विचारलं, "एक का दोन?" मालती म्हणाली, "दोन." मी सरळ उभी राहिले, मापाला बरं म्हणून. सुताराने विचारलं, "दुसऱ्यावर कोण?" मालती म्हणाली, "कुसुम. तिची उंची माझ्याएवढीच धर."

कुसुम तिची वरणगावची मैत्रीण, शाळेपासूनची. स्वभावाने गरीब, आवाज हळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझी तिच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती, त्या क्षणापर्यंत. मी चहा न घेता निघाले. मालती मागून हाका मारत होती, "अक्का, भाकरी तरी खाऊन जा वं..." मी एसटीत खिडकीशी बसून भुसावळपर्यंत तिच्याशी मनातल्या मनात भांडले आणि जळगावपर्यंत स्वतःची बाजू जिंकलेसुद्धा.

मग सुरू झाले तिचे फोन. "अक्का, ओळख बरं मी कुठं हाये?" मी म्हणायची, "मला काय करायचंय, दूध उतू चाललंय माझं." फोन ठेवला की नातीला म्हणायची, मोबाइलवर नकाशा काढ, हे गाव कुठे येतं बघू. नात गालातल्या गालात हसायची. सातपुड्याच्या पायथ्याने, तापीच्या काठाकाठाने, नर्मदेपर्यंत त्या दोघी जाऊन आल्या. कुठे फाळका पाडून वांगी भाजली, कुठे गावातल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या, हे सगळं मी फोन कानाला घट्ट लावून ऐकायची. मी मात्र विचारायची काय, तर "नळ गळत नाही ना?" तीही मेली लबाड. अधूनमधून काहीतरी मोडूनच यायचं तिचं. घरगाडी माझ्या दारात उभी करायची, सगळी गल्ली गोळा व्हायची, आणि ही म्हणायची, "अक्का, ते पंख्याचं बटण बघणारा माणूस बघ ना." मी वाट बघायची तिने 'चल' म्हणायची. ती चहा प्यायची, बटण लागलं की जायची. विचारणार मी नाही. बोलावणार ती नाही. दोन म्हाताऱ्यांचा हा हट्ट आमच्या गल्लीत कुणाला कळला असता तर लोकांनी तिकीट लावून बघितला असता.

या हिवाळ्यात कुसुमचे गुडघे गेले, तिला पायरी चढवेना. हे मला मालतीनेच सांगितलं आणि माझं वाईट मन जरा उजळलं. मग थोड्या दिवसांनी तिचा फोन. "अक्का, गाडीसाठी एक माणूस बघ ना." मी म्हटलं, "कशाचा? वायरमन, सुतार, का नळवाला?" ती हसत म्हणाली, "कशाचाबी चालीन. बोलका पाहिजे." मी म्हटलं, बघते. आणि बघितला! जळगावचा एक नळवाला, चांगला, बडबड्या, त्याला तिच्याकडे पाठवला. संध्याकाळी त्याचा मला फोन, "काकू, तिथे काम तर काहीच नव्हतं. बाईंनी फाळक्यावर बसवून चहा पाजला, खूप हसत होत्या, आणि परत पाठवलं." मी त्यालाच झापलं, नीट बघितलं नसशील म्हणून. नंतर तिचे फोन आले, पण त्यात माणसाचा विषय नव्हता. मीही काढला नाही.

दिवसकार्याला गावी गेले. जेवणं उरकली, बायका भांड्यांना लागल्या, तशी मी मागच्या अंगणात गेले. कडुनिंबाखाली घरगाडी उभी होती, फाळका पाडलेला. आणि त्यावर कुसुम बसलेली, काठी शेजारी, पाय लोंबकळत. तिला वर कुणी चढवलं देव जाणे. मला बघून म्हणाली, "या अक्का, बसा." मालतीच्या घरात मला 'या' म्हणणारी ही कोण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्ही नळवाला पाठवला ना, त्याचं सांगताना मालतीला ठसका लागला होता हसून हसून. मला म्हणाली, कुसुम, मी तिला किती वळसा घालून विचारलं, आन् अक्कानं प्लंबर धाडला! आता पुढच्या वेळी तोंड उघडून सरळ 'चल' म्हणावं लागीन."

मी साखळी धरली, पलीकडे पडलेला केळीचा क्रेट पालथा घातला, त्यावर पाय ठेवला. या वयात फाळक्यावर चढणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. गुडघे करकरले, पदर खिट्टीत अडकला. तो नळवाला इथे बसला होता. जळगावचा, ना नात्याचा ना गोत्याचा, माझ्याच शब्दावर आलेला. तिच्या हातचा चहा पिऊन, तिचं हसणं ऐकून तो गेला. कुसुमचा हेवा मी वर्षानुवर्षं केला, पण त्या नळवाल्याइतका अजून कुणाचा वाटला नव्हता.

फाळक्यावर जागा तशी भरपूर होती. पण बरोबर मधोमध, जिथून मळा सगळ्यात चांगला दिसतो, तिथे कुसुम बसली होती.

"सरक," मी म्हटलं.

ती सरकली.