विमानाने दीड तास

माझं शिक्षण चौथी, तेही अर्धं. पण घड्याळ मला कळते, आणि हिशोबात आमच्या सानगडी गावात अजून कोणी माझी चूक दाखवली नाही. म्हणून भाचीच्या लग्नाला जायचा हिशोब मी स्वतः केला. लग्न पुण्याला, मुहूर्त बारा पस्तीसचा. नागपूरहून विमान दहाला सुटते, दीड तासात उतरवते. म्हणजे साडेअकरा. वर एक तास पाच मिनिटं मोकळी.

लेक म्हणाला, "बाबा, आदल्या दिवशी रेल्वेनं चाला आमच्यासंगं."

"आदल्या दिवशी मळणीच्या मशीनची पाळी आहे. धान कोण चुरल, तुहा सासरा?"

"दुसऱ्या कोनाले सांगतो ना मी."

"कायले? सातशे किलोमीटर विमान दीड तासात जाते. तू बस रेल्वेत डुलक्या घेत."

त्याने विमानाचं तिकीट काढून दिलं.

बहिणीला मी एकटाच भाऊ. लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो, म्हणजे माझ्याशिवाय काही लग्न लागत नाही, हे मी धरून चाललो होतो. शिवाय आमच्याकडे साडेबाराचं लग्न दोनच्या आत लागलेलं मी पाहिलेलं नाही.

पहाटे पाचला घर सोडलं. ते मी हिशोबात धरलं नव्हतं, कारण तेवढा वेळ माझ्या घरचा होता. विमान अगदी वेळेवर उतरलं. त्याला मी आजही दोष देत नाही. पण माझी थैली येईना. नव्या तांदळाची थैली, तिच्यातच भाचीची साडी. सामानाचा पट्टा फिरून राहिला, साऱ्या दुनियेच्या पेट्या आल्या. रिकाम्या हाताने मामा जाते काय? थांबलो. बहिणीचा फोन आला.

"दादा, कुठी आहेस?"

"पुण्यात."

"पुण्यात कुठी?"

"पुण्यात आलो म्हटलं ना!"

थैली मिळाली तेव्हा बारा वाजले होते. टॅक्सीवाला म्हणाला, हॉल वीस किलोमीटर. मी मनात म्हटलं, वीस म्हणजे आपल्या गावाहून साकोली, अर्धा तास.

"काका, आज लग्नाची तिथी आहे," तो म्हणाला. "दीड तास धरा."

मला वाटलं, मस्करी करून राहिला.

बारा पस्तीसला टॅक्सीत परत फोन. "दादा, हॉलवाले थांबत नाहीत. संध्याकाळी दुसरं लग्न आहे."

"भटजीले सांग, मंगलाष्टकं हळू म्हण."

"हळूच म्हणून राहिला!"

मागून 'सावधान' ऐकू आलं. मांडीवर पाच किलो तांदूळ होता, अक्षता टाकायला जागा नव्हती.

हॉलवर पोचलो तर माझ्या जागी बहिणीच्या बिल्डिंगमधले एक शेजारी उभे राहून मोकळे झाले होते. भला माणूस. मामाच्या मानाचा शेला आणि नारळ माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या, हे तुमचं."

"उभे तुम्ही राहिले. मान तुमचा. ठेवा."

भाचीने पाया पडून साडी घेतली. "मामा, मी दोनदा मागं वळून पाहिलं," म्हणाली.

बहीण दुरूनच ओरडली, "जेवून घे आता. पंगत तरी चुकवू नको!"

शेजाऱ्यांना हाताला धरून मी मामाच्या पानावर बसवलं, आणि त्यांच्या बाजूच्या पानावर बसलो.