एकटं पुस्तक नेऊ नका

त्या पुस्तक पुढे करायच्या, पण आपण हात लावला की सोडायच्या नाहीत. एक टोक आपल्या हातात, दुसरं त्यांच्या. वरून डोळे वटारून प्रश्न, "आणि पोरांसाठी काय घेतलंस?" काही नाही म्हटलं की पुस्तक ओढून परत टेबलावर. "मग राहू दे. एकटं पुस्तक घरी नेऊ नका. बावरतं ते."

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात ही ओढाताण मी कित्येक वर्षं पाहिली. तुमच्याही वस्तीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या ओरडण्याला सगळे वैतागतात आणि तरी ज्याच्यासाठीच तिथे जातात. आमच्याकडे त्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयात मानद म्हणून, म्हणजे फुकट, बसू लागल्या. मी शाळेतली नोकरी आटपून संध्याकाळी मुलांच्या विभागात बसते, त्यामुळे आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्यांच्याबद्दल शांतपणे लिहावं असं ठरवून बसले होते. जमणार नाही असं दिसतंय. मला अजून फार राग येतो.

दाराजवळ त्यांचं टेबल होतं. जुनं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं. नवं आलेलं प्रत्येक पुस्तक आधी तिथे मांडलं जायचं, डावीकडे मोठ्यांची, उजवीकडे मुलांची. त्याआधी आमच्या समितीची रीत वेगळी होती. नवं पुस्तक आलं की ते पहिल्यांदा बाइंडरकडे जायचं आणि काही महिन्यांनी हिरव्या रेक्झिनमध्ये परत यायचं. मुखपृष्ठ गायब, सगळी पुस्तकं एकसारखी. ताईंनी ती रीत ओरडून ओरडून बंद पाडली. "पोरं पुस्तक तोंडावरून ओळखतात, आणि तुम्ही त्याचं तोंडच झाकून टाकता? अक्कल आहे का कुणाला?" समितीत त्यांच्याहून मोठे लोक बसले होते. ते खाली मान घालून चहा पीत राहिले.

टेबलावरचं पुस्तक वाचल्याशिवाय त्या कुणाला द्यायच्या नाहीत, मग ते जाडजूड कादंबरीचं असो की चार ओळींचं चित्रांचं. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र त्यांना मुळीच खपायचा नाही. एकदा एका नव्या पुस्तकाच्या मागे 'प्रत्येकाच्या संग्रही असावे असे' हे वाक्य त्यांनी वाचलं आणि तिथेच भडकल्या. "संग्रही? पुस्तक काय चांदीचं निरांजन आहे, सणाला काढायचं आणि पुसून ठेवायचं?" पुस्तक चांगलं निघालं, तेव्हा ते त्यांनी सगळ्यांना दिलं. पण देताना प्रत्येकाला बजावलं, "मागचं वाचू नकोस. पुढून वाच."

सगळ्यात जास्त शिव्या खायचे ते आईबाप. "ताई, मुलासाठी काहीतरी संस्कारांचं द्या ना," असं कुणी म्हटलं की मी आपली हळूच दुसरीकडे बघायची.

"का? तुमच्याकडचे संस्कार संपले?"

"तसं नाही हो, पण त्यातून काहीतरी शिकायला मिळालं पाहिजे ना."

"उपदेश करायला शाळा आहे, तुम्ही आहात, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पुस्तकाने तरी त्याला सोडावं! हे घ्या. यात एक बकरी पळून जाते आणि सापडतच नाही. झकास आहे. आणि हे तुमच्यासाठी. निमूट वाचा."

एक निवृत्त गृहस्थ यायचे, एकटे राहणारे. घरी कुणीच लहान नाही म्हणाले, तर ताई म्हणाल्या, "तुम्ही आहात ना? तुम्ही वाचा." ते बिचारे लाजत लाजत कादंबरीखाली चित्रांचं पुस्तक लपवून न्यायचे. पुढे ते टेबलाशी उभे राहून त्या बकरीच्या शेवटावरून ताईंशी तावातावाने भांडायला लागले. ती परत यायला हवी होती असं त्यांचं म्हणणं होतं. ताई म्हणाल्या, "मला पण वाटलं होतं."

ही जोडीची सवय त्यांना वडिलांकडून लागलेली. माणसं मूळची परभणीकडची, राहायला मानखुर्दला. वडील दर सहा डिसेंबरला दादरला जायचे आणि तिथल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन यायचे. स्वतःसाठी एक जाड, पोरांसाठी एक बारकं. "दोन्ही एकाच पिशवीत," ताई सांगायच्या. "पिशवी उघडली की पहिल्यांदा बाप आणि पोरं एकदमच वाचायला बसायची. आमच्या घरात तेवढा वेळ कुणी कुणाला ओरडायचं नाही." एवढं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. लगेच पुढच्या माणसावर पुन्हा चढायचा.

आमच्या एका कोकणी आजींनी एकदा फार घाबरत एक नवंकोरं पुस्तक परत आणलं. नात आजीचा पदर धरून मागे लपलेली. आजी म्हणाल्या, "ताई, नातीन फाडल्यान ह्या. आता काय करूचा?"

ताईंनी पान उघडलं. वाघाचं चित्र होतं, त्याचा कोपरा गेलेला. त्यांनी त्या मुलीला पुढे ओढलं. "हेच पान का फाटलं?"

"मी रोज तेच उघडते," मुलगी म्हणाली.

ताईंनी ते फाटकं पुस्तक टेबलावर सगळ्यात पुढे उभं केलं. तेव्हापासून ती पद्धतच पडली. जे पुस्तक हाताळून हाताळून खिळखिळं झालं, त्याला चिकटपट्टी लावून पुढच्या रांगेचा मान. नवखा कुणी विचारायचा, नव्या पुस्तकांत हे फाटकं कशाला ठेवलंय? "तेच तर ने. इतरांनी वाचून पाहिलंय," ताई म्हणायच्या.

मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्हाला नव्या टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एसी हॉल मिळाला. चकाचक फरशी, काचेची कपाटं, कपाटांना कुलपं. आमचे अध्यक्ष वाईट माणूस नव्हेत, हे मला दात ओठ खाऊनच लिहावं लागतंय. त्यांना खरंच वाटायचं की पुस्तकाची काळजी घेणं म्हणजे त्याला माणसांपासून वाचवणं. "ताई, मुलांचे हात घाण असतात हो. तुमच्याच पुस्तकांसाठी सांगतोय. आता टेबल नको, नवी पुस्तकं कपाटात ठेवू. ज्याला पाहिजे तो मागेल."

"ज्याला माहीतच नाही तो काय मागेल?" ताई उभ्या राहिल्या. "साहेब, काचेतून बघून कुणी वाचक झालाय का? मी इथे आहे तोवर टेबल हलणार नाही. हलवून दाखवा!"

कुणी हलवलं नाही. ती गुळगुळीत फरशी, आणि दाराशी ते पुठ्ठा लावलेलं टेबल. अध्यक्ष रोज त्याला वळसा घालून आत यायचे.

मग ताई आजारी पडल्या. घाटकोपरला हॉस्पिटलमध्ये होत्या. त्या आठवड्यात अध्यक्षांनी टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं, झाडूंच्या शेजारी. मी बोलले. भांडलेसुद्धा. "अहो, तात्पुरतं आहे," ते म्हणाले.

मी ताईंना भेटायला गेले तेव्हा एक नवी कादंबरी घेऊन गेले होते. त्या खूप वाळल्या होत्या. पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"एकटं आणलंस?"

मी उगाच पिशवीत पुन्हा हात घालून पाहिला.

"या शेजारच्या बाईची नात रोज येते. कंटाळून पलंगाखाली जाऊन बसते. तिला काय देऊ मी? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून काय शिकलीस गं?" मग एकदम विचारलं, "टेबल गेलं ना?"

खोटं बोलावं असं वाटलं. त्यांच्याशी ते कधी जमलं नव्हतं. "गेलं," मी म्हटलं.

"मग तू इथे काय करतेस? जा. तिथे बस."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीसाठी पुस्तक घेऊन गेले, तेव्हा ताई झोपेत होत्या. त्यानंतर त्या नीटशा जाग्या झाल्याच नाहीत.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. ताई गेल्यावर समितीने त्यांच्या स्मरणार्थ काय केलं असेल? एक मोठं काचेचं कपाट केलं. त्याला पितळी पाटी, तिच्यावर त्यांचं नाव. वर फोटो, फोटोला चंदनाचा हार. आत त्या वर्षी आलेली सगळी नवी पुस्तकं, मोठ्यांची वरच्या फळीवर, मुलांची खालच्या. आणि कुलूप. उद्घाटनाला अध्यक्ष खरोखर गहिवरले होते. "ताईंची ही आवडती पुस्तकं आता कायम आपल्या संग्रही सुरक्षित राहतील," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते कशावर तरी आपटले असते. ज्या बाईने आयुष्यभर पुस्तकं लोकांच्या हातात कोंबली, तिच्याच नावाने तुम्ही ती कोंडता? आणि वर तिलाच पहाऱ्याला बसवता?

त्यानंतरच्या सोमवारी त्याच कोकणी आजी नातीला घेऊन आल्या. मुलगी आता उंच झाली होती. ती काचेपाशी गेली, वाकली आणि खालच्या फळीवरच्या एका पुस्तकावर बोट ठेवलं. काचेवर ठसा उमटला.

"ह्या होया तिका," आजी म्हणाल्या. "पण कुलूप आसा मा?"

किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. अध्यक्षांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं आम्हाला सांगून ठेवलेलं. मी ती घेतली. कपाट उघडलं. मुलीपुढे तिचं पुस्तक धरलं, पण माझ्या हातातलं टोक सोडलं नाही. "आणि आजीसाठी?"

"माका खय वाचूक येता नीट?"

"मग ही वाचून दाखवेल. घ्या."

मागच्या खोलीतून टेबल मी एकटीने ओढत आणलं. फरशीवर ओरखडा पडला आहे, तो अजून दिसतो. पायाखालचा पुठ्ठा हरवला होता, दुसरा लावला आणि कपाटातली पुस्तकं त्यावर मांडली. त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही संध्याकाळी जो दाराशी आला त्याला मी थांबवलं. माझा आवाज ताईंसारखा नाही, पण रागाने माणसाला बराच आवाज फुटतो. ते एकटे राहणारे गृहस्थ आले आणि न विचारता दोन उचलून घेऊन गेले.

रविवारी अध्यक्ष आले. रिकाम्या कपाटासमोर उभे राहिले. वर फोटो, हार, खाली नुसत्या फळ्या.

"पुस्तकं कुठे गेली सगळी?"

"घरोघरी," मी म्हटलं. "एकही एकटं गेलेलं नाही."

आता माझ्याविरुद्ध मीटिंग बोलावली आहे. बोलावू देत. मला तिथे बरंच बोलायचं आहे, आणि हळू आवाजात तर मुळीच नाही.

काल त्यांतलं पहिलं पुस्तक परत आलं. आजी पुन्हा घाबरलेल्या. मधलं एक पान उसवून बाहेर आलं होतं. मी चिकटपट्टी लावली आणि ते टेबलावर सगळ्यात पुढे उभं केलं.