दोन मिलिमीटरची लाल रेघ

“मॅडम, ही लाल रेघ आमच्या घरावरनं गेलीय. सामान बांधायला घेऊ का?”

कांजूरमार्गच्या एका नाल्याकाठी मी मोजणीच्या खुणा तपासत होते. समोर सुनंदाताई कांबळे मोबाइल धरून उभ्या. वस्तीतल्या बालवाडीत त्या शिकवतात. स्क्रीनवर आमच्याच कंपनीचा नकाशा होता. कुणीतरी रिपोर्टमधून काढून व्हॉट्सॲपवर टाकलेला. नाला रुंद होणार होता आणि त्याची नवी हद्द लाल रंगात दाखवली होती. त्या रेघेखाली घरांची अख्खी रांग गडप झाली होती.

“तुमचं घर जातंय की नाही, ते यावरून मलाही सांगता येणार नाही,” मी म्हटलं.

“मग काढला कशाला?”

मी मुलुंडच्या ऑफिसात जीआयएसचं काम करते, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवते. कॉम्प्युटरमधल्या हद्दीला जाडी नसते. जाडी आपण देतो ती लेआउटमध्ये, म्हणजे छापायच्या पानावर नकाशा मांडताना. या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. रेघ दोन मिलिमीटरची, म्हणजे दहा मीटर. तिथली घरं जेमतेम तीन-चार मीटर रुंद.

ऑफिसात परतून परब सरांना हे सांगितलं. ते माझे बॉस.

“अगं, जाड रेघ क्लायंटनेच मागितली ना? मीटिंगमध्ये पडद्यावर दिसायला हवी म्हणून.”

“मीटिंगपुरती ठीक होती, सर. आता लोक तिच्यात घरं शोधतायत. वाट लागलीय त्यांची.”

त्यांनी क्लायंटकडच्या, म्हणजे नाला रुंद करणाऱ्या खात्यातल्या, साठेंना फोन लावून स्पीकर ऑन केला.

“खाली लिहिलंय ना, फक्त माहितीसाठी?” साठे म्हणाले. “आता नवीन नकाशा म्हणजे पुन्हा मंजुरी.”

“हद्द तीच राहील, सर. फक्त जाडी बदलतेय,” मी म्हटलं. “नाहीतर शनिवारी वस्तीतल्या सुनावणीत लोकांच्या सगळ्या हरकती या जाडीवरच येतील. उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “बरं, करा. पण शनिवारच्या आत.”

मी वस्तीचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मोठं पान दिलं. रेघ इतकी बारीक केली, की जमिनीवर ती वीतभरही भरू नये. मोजणीचे नंबर काढून बालवाडी, बुद्धविहार, सार्वजनिक नळ अशी नावं टाकली. झेरॉक्सवाल्याला बजावलं, “फिट टू पेज करू नका, नकाशा आक्रसतो.” छापून आल्यावर पट्टी लावून मोजलं. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही धूसर होणारा फोटो न पाठवता पीडीएफ पाठवली.

शनिवारी सुनावणीला समाजमंदिरात भिंतीवर पानं चिकटवली. सुनंदाताईंनी नळापासून बोट सरकवत आणलं. त्यांचं घर रेघेच्या बाहेर होतं. त्यांनी पुन्हा नळापासून बोट फिरवून खात्री केली.

शेजारचे राणेकाका पुढे आले. दोन्ही घरांची भिंत एकच. गिरणीतली नोकरी सुटल्यावर काकांनी ते घर बांधलेलं. “आमचा खंयचा ता दाखव गो,” ते म्हणाले.

मी दाखवलं. रेघ त्यांच्या मागच्या खोलीतून जात होती.

सुनंदाताई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “म्हणजे फुडली खोली रवता?”

“नकाशावर तरी राहते, काका. पण मागची खोली पाडल्यावर ही टिकेल का, ते इंजिनिअरला विचारावं लागेल.”

“मग तेकाच इचारतंय.”

त्यांनी त्या पानाची प्रत जोडून हरकत घेतली. साठेंची माणसं येऊन मोजून गेली. हद्द हलली नाही. पण उरलेली खोली राहण्याजोगी नाही, असं इंजिनिअरनेच लिहून दिलं आणि काकांना पूर्ण घराच्या बदली नाहूरला घर मिळालं. तिथे त्यांना करमत नाही, असं सुनंदाताई सांगतात.

हद्दीची रेघ काढताना मी आता आधी तिची जाडी जमिनीवर किती होते ते बघते. साधा गुणाकार आहे, सॉफ्टवेअर तो आपणहून करत नाही.